जाणता कोण, करता कोण? – ‘एंडर्स गेम’ आणि तिचे वाचक

आमच्या धर्मग्रामातील एका महाविद्यालयीन तरुणाने गेल्या पावसाळ्यात एक हाताळून मळलेली इंग्रजी कादंबरी आमच्या हाती आणून दिली. “फादर, वाचून झाल्यावर एवढंच सांगा, हा मुलगा पापी की निष्पाप?” असे म्हणून तो निघून गेला. पुढे पंधरा दिवसांनी रविवारच्या मिस्सानंतर त्याची आई सॅक्रिस्टीच्या दाराशी थांबली. मुलगा रात्र रात्र जागून काय वाचतो, या काळजीपोटी त्या माउलीनेही ते पुस्तक चिकाटीने वाचून काढले होते. “फादर, सहा वर्षांच्या पोराने दुसऱ्या पोराला लाथांनी तुडवल्याची गोष्ट कुणी कौतुकाने लिहितं का? आणि आपण ती आपल्या मुलांना वाचू द्यायची का?” असा तिचा रोखठोक सवाल होता. एकाच घरातून, एकाच पुस्तकाविषयी आलेले हे दोन प्रश्न आम्हाला त्या वेळी उत्तराविना परत करावे लागले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मायलेकांना काहीसे उशिरा दिलेले उत्तर होय.

ती कादंबरी म्हणजे अमेरिकन लेखक ऑर्सन स्कॉट कार्ड यांची ‘एंडर्स गेम’. मराठी वाचकाला विज्ञानकथा परकी नाही. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे आदी लेखकांनी तिची गोडी आपल्याला लावली. मात्र या कथांच्या केंद्रस्थानी बहुधा एखादी वैज्ञानिक कल्पना असते. अमेरिकेत या साहित्यप्रकाराची आणखी एक शाखा जोमाने वाढली, ती अंतराळातील युद्धांची. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’ (१९५९) या कादंबरीत सैनिकी शिस्त आणि नागरिकाचे कर्तव्य यांचा गौरव आहे. उलट, व्हिएतनाममध्ये स्वतः लढून आलेल्या जो हाल्डमन यांनी ‘द फॉरएव्हर वॉर’ (१९७४) मध्ये युद्धाची व्यर्थता रंगवली. कार्ड यांची कादंबरी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी उभी आहे आणि ती नेमकी कुठे उभी आहे, यावरच तिच्या वाचकांचे एकमत होत नाही. १९७७ साली ती एका मासिकात दीर्घकथा म्हणून आली, १९८५ साली कादंबरी झाली आणि ह्यूगो व नेब्युला हे विज्ञानसाहित्यातील दोन्ही मानाचे पुरस्कार तिने मिळवले. १९८६ साली आलेल्या ‘स्पीकर फॉर द डेड’ या पुढील भागालाही तेच दोन पुरस्कार लाभले. मालिका पुढे वाढत राहिली आणि २०१३ साली पहिल्या भागावर चित्रपटही निघाला.

कथानक थोडक्यात असे. मुंग्या-मधमाश्यांप्रमाणे एका राणीच्या मनाने चालणाऱ्या परग्रहवासीयांनी पृथ्वीवर दोनदा स्वारी केलेली आहे. तिसऱ्या युद्धासाठी सेनापती हवा म्हणून जगभरातील कुशाग्र बुद्धीची मुले निवडून त्यांना अंतराळातील युद्धशाळेत नेले जाते. एंडर विगिन हा त्यांपैकी एक. वय वर्षे सहा. शाळेतील एक दांडगट मुलगा, स्टिल्सन, त्याला आपल्या टोळक्यासह घेरतो. एंडर त्याला खाली पाडतो आणि तो पडल्यावरही लाथा मारत राहतो. आजची मारामारी जिंकून भागणार नाही, उद्याच्या आणि परवाच्याही आजच जिंकल्या पाहिजेत, असा त्याचा हिशेब असतो. हा हिशेब ऐकूनच कर्नल ग्राफ त्याची निवड करतो. युद्धशाळेत ग्राफ या मुलाला मुद्दाम एकटा पाडतो, इतरांच्या मनांत त्याच्याविषयी मत्सर पेरतो. संकटात कोणीही मोठे माणूस आपल्या मदतीला येणार नाही, ही गोष्ट त्याच्या हाडीमाशी खिळावी, हा त्यामागचा उद्देश. बॉन्झो नावाचा मोठा मुलगा एंडरच्या जिवावर उठला आहे हे ठाऊक असूनही शिक्षक मध्ये पडत नाहीत. न्हाणीघरात झुंज होते, बॉन्झो कोसळतो.

पुढे एंडरला एका लघुग्रहावरील तळावर नेऊन मेझर रॅकहॅम या जुन्या योद्ध्याच्या हाताखाली पडद्यावरील युद्धाचे डाव खेळायला लावतात. डावामागून डाव, झोप नाही, विसावा नाही. शेवटच्या परीक्षेत शत्रूचा सारा ग्रहच समोर येतो. थकून गेलेला, जेमतेम अकरा वर्षांचा तो मुलगा मनाशी ठरवतो की, आता असे काही भयंकर करावे की या लोकांनी आपल्याला किळसून हाकलून द्यावे. तो ग्रहच नष्ट करतो. खोलीतील अधिकारी रडू लागतात, प्रार्थना करू लागतात. मग त्याला सांगण्यात येते की, ते डाव नव्हते. दूरवर खरी जहाजे होती, खरी माणसे होती, आणि एक संपूर्ण वंश त्याच्या हातून नाहीसा झाला आहे. यापुढचा घाव अधिक खोल आहे. ते परग्रहवासी पुन्हा स्वारी करणार नव्हतेच. आपण ज्यांना मारले तीही विचार करणारी माणसेच होती, हे उमगल्यावर त्यांच्या राणीने माघार घेतली होती.

आता वाचकांकडे वळू. या कादंबरीवर जितके प्रेम झाले, तितका रोषही ओढवला, आणि दोन्ही तपासून पाहण्याजोगे आहेत.

पहिला वर्ग सैनिकांचा. अमेरिकेच्या मरीन कोअरने आपल्या जवानांसाठी काढलेल्या वाचनयाद्यांत या कादंबरीचा समावेश केला होता. छोट्या तुकडीचे नेतृत्व कसे करावे, हाताखालच्यांना स्वतः विचार करायला कसे शिकवावे, प्रतिस्पर्ध्याच्या जागी उभे राहून कसे पाहावे, हे तिच्यातून शिकता येते असे या वाचकांचे म्हणणे. १९९१च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत कार्ड यांनी लष्करातील एका हेलिकॉप्टर वैमानिकाच्या पत्राचाही उल्लेख केला आहे. सैनिकाने या पुस्तकात स्वतःला पाहावे, यात आम्हाला काही वावगे वाटत नाही. हुकूम पाळणाऱ्याचा एकटेपणा इथे खरोखरच उतरला आहे.

दुसरा वर्ग बुद्धिमान, एकलकोंड्या मुलांचा. वर्गात वेगळी पडलेली, चिडवली गेलेली असंख्य मुले एंडरला आपला सखा मानतात. आमच्या त्या तरुणाचीही तीच गत असावी. याच्या नेमके उलट मत, त्याच प्रस्तावनेत कार्ड सांगतात त्याप्रमाणे, हुशार मुलांना मार्गदर्शन करणाऱ्या एका समुपदेशक बाईंनी कळवले होते. मुले अशी बोलत नाहीत, असा विचार करत नाहीत, हे चित्र खोटे आहे, असा त्यांचा आक्षेप. कार्ड यांचे उत्तर असे की, लहानपणी मला मी लहान आहे असे कधी वाटलेच नाही. मूल आतून स्वतःला पूर्ण माणूसच समजत असते. हे उत्तर सुंदर आहे आणि बऱ्याच अंशी खरेही आहे. तथापि त्याची किंमत पुढे चुकवावी लागते, ती कशी ते आम्ही लवकरच पाहू.

तिसरा वर्ग समीक्षकांचा. १९८७ साली इलेन रॅडफर्ड यांनी एंडरची तुलना थेट हिटलरशी करून मोठे वादळ उठवले. वंशसंहार करणाऱ्याविषयी सहानुभूती निर्माण करणारे हे पुस्तक आहे, असा त्यांचा रोख होता. ही तुलना आम्हाला ओढूनताणून आणलेली वाटते. परंतु २००४ साली कथालेखक व प्राध्यापक जॉन केसेल यांनी जो निबंध लिहिला, त्याला इतक्या सहजी बाजूला सारता येत नाही. त्यांचा मुद्दा असा : कार्ड यांनी सगळी कथाच अशी रचली आहे की, एंडरने कितीही हिंसा केली तरी दोष त्याच्यावर येऊ नये. तो मारतो, पण मारण्याचा त्याचा हेतू नसतो. म्हणून तो निर्दोष. वर तो स्वतःला दोष देत झुरतो. म्हणून तो आणखी थोर. छळ सोसलेल्या वाचकाला यातून सूड उगवल्याचे समाधानही मिळते आणि हात स्वच्छ राहिल्याचेही. कृत्य बाजूला ठेवून केवळ हेतूवर नीतीचा निवाडा करणे धोक्याचे आहे, असा केसेल यांचा इशारा आहे.

हा वाद वाचत असताना आम्हाला सेमिनरीतील नीतिशास्त्राचा तास आठवत होता. कारण हेतू आणि कृत्य यांचा हा झगडा ख्रिस्तसभेला नवा नाही. कोणत्याही कृत्याची नैतिकता तीन गोष्टींवरून ठरते, असे आपल्याला शिकवले आहे : प्रत्यक्ष कृत्य काय, हेतू काय, परिस्थिती काय. चांगल्या हेतूने वाईट कृत्य चांगले होत नाही. त्याचबरोबर महापाप घडण्यासाठी गंभीर विषयाखेरीज पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमती लागते. ज्याला ठाऊकच नव्हते, ठाऊक होण्याचा मार्गही ज्याला नव्हता, त्याच्या माथी ते पाप मारता येत नाही. शेवटच्या युद्धापुरते पाहिले तर एंडर या कसोटीवर सुटतो, हे मान्य केले पाहिजे. तो खेळ आहे असेच त्याला सांगितले होते. मात्र पूर्ण सुटतो असे म्हणतानाही आमची लेखणी अडखळते. ग्रह नष्ट करणे हे डावातही करू नये असे काही आहे, हे त्याला कळत होते. शिक्षकांना किळस यावी म्हणूनच तर त्याने ते केले. त्याचा विवेक जागा होता. त्याच्यापासून वस्तुस्थिती लपवली होती.

स्टिल्सनची गोष्ट निराळी. स्वसंरक्षणाविषयी लिहिताना संत थॉमस अक्विनास यांनी मोजमापाचा नियम घालून दिला आहे : आपला जीव वाचवण्यासाठी बळ वापरणे गैर नाही, पण गरजेपेक्षा अधिक बळ वापरणे गैर आहे. स्टिल्सन जमिनीवर पडला त्या क्षणी गरज संपली. त्यानंतरच्या लाथा उद्याच्या हिशेबातील होत्या. यावर कोणी म्हणेल, तो सहा वर्षांचा होता. आणि धर्मसभेचा कायदाही सात वर्षे पूर्ण होण्यापूर्वी बालकाला त्याच्या कृत्याला जबाबदार धरत नाही. अगदी बरोबर. परंतु इथेच त्या समुपदेशक बाईंचा आक्षेप नव्या रूपाने परत येतो. कादंबरी एंडरला जिंकवताना त्याला प्रौढाची बुद्धी देते आणि त्याचा न्याय करताना त्याला बालकाचे निरागसपण देते. दोन्ही एकदम मागणे हा लेखकाचा लोभ आहे. शिवाय स्टिल्सन आणि बॉन्झो हे दोघेही मेले, ही गोष्ट कादंबरी उघडपणे मांडते ती जवळजवळ शेवटी. तोवर वाचक एंडरच्या बाजूने टाळ्या वाजवून मोकळा झालेला असतो. या ठिकाणी केसेल यांचे बोट नेमके दुखऱ्या जागेवर पडले आहे, असे आमचे मत आहे.

मात्र आमचा मतभेद यानंतर सुरू होतो. एंडरचे चाहते आणि टीकाकार दोघेही बहुतांशी त्या मुलाकडेच पाहत राहतात. तो पापी की निष्पाप, असाच प्रश्न आमच्या तरुणानेही विचारला होता. पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना आमचे लक्ष प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी येणाऱ्या संभाषणांवर खिळून राहिले. पहिल्या वाचनात ती आम्ही भराभर ओलांडली होती. तिथे मोठी माणसे बोलत असतात. बहुतेक वेळा ग्राफ आणि त्याचा कोणी सहकारी. मुलाला किती ताणायचे, कुठे थांबायचे, तो मोडला तर काय करायचे. त्यांना सगळे ठाऊक आहे. त्यांना त्याचे वाईटही वाटते. ग्राफचे त्याच्यावर एका परीने प्रेमही आहे. पण ते थांबत नाहीत. शत्रूला पुरते समजून घेणाराच त्याला हरवू शकतो, आणि जो इतके समजून घेतो तो त्याच्यावर प्रेमही करू लागतो, ही कादंबरीची मध्यवर्ती कल्पना. असा कोवळ्या मनाचा मुलगा जाणूनबुजून कोणाचा वंश बुडवणार नाही, हे अधिकाऱ्यांना पक्के ठाऊक असते. म्हणून ते एकाच कृत्याचे दोन तुकडे करतात. ज्यांना ठाऊक आहे त्यांचा हात लागत नाही, आणि ज्याचा हात लागतो त्याला ठाऊक नसते. प्रत्येक तुकड्यावर आपली नेहमीची कसोटी लावून पाहा. मुलाला पूर्ण जाणीव नव्हती, आणि अधिकाऱ्यांनी तर काही केलेच नाही. पाप एवढे प्रचंड, आणि पापी सापडत नाही. कादंबरीत पुढे ग्राफवर खटलाही चालतो. तो निर्दोष सुटतो आणि त्याला मोठे पद मिळते.

आमच्या मते या पुस्तकाचे मर्म इथे आहे. सर्वांत मोठी पापे अशीच वाटून घेऊन केली जातात. व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली संपूर्ण शहरे वा विस्तीर्ण प्रदेश रहिवाशांसह सरसकट नष्ट करणारी युद्धकृत्ये हा परमेश्वराविरुद्ध व मानवाविरुद्ध गुन्हा असल्याचे घोषित केले. ही घोषणा करताना परिषदेतील धर्मपित्यांच्या डोळ्यांपुढे हिरोशिमा-नागासाकी नसणे शक्य नव्हते. त्या दोन शहरांवर अणुबॉम्ब टाकणारे विमानदळ पॅसिफिक महासागरातील टिनियन बेटावर होते. तेथील कॅथॉलिक सैनिकांचे चॅप्लेन फादर जॉर्ज झाबेल्का यांनी या वैमानिकांची आध्यात्मिक सेवा केली. नागासाकीत ९ ऑगस्ट १९४५ रोजी उराकामीचे कॅथेड्रल आणि त्याच्या सावलीतील कॅथॉलिक वस्ती बेचिराख झाली. पुढे अनेक वर्षांनी फादर झाबेल्कांनी जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. त्यांनी बॉम्ब बनवला नव्हता, टाकलाही नव्हता. नागरिकांच्या कत्तलीविरुद्ध आपण त्या सैनिकांपुढे एकदाही प्रवचन केले नाही, आपण गप्प राहिलो, हे त्यांचे दुःख होते. उरलेले आयुष्य त्यांनी शांततेच्या कार्याला वाहिले. आमच्यासारख्या धर्मगुरूला ही हकीकत ग्राफच्या खटल्यापेक्षा अधिक बोचते.

कारण आमच्याही गाठीशी एक मौन आहे. ते इथे सांगितल्यावाचून हे परीक्षण प्रामाणिक होणार नाही. तरुणपणी काही वर्षे एका बोर्डिंगची देखरेख आमच्याकडे होती. तिथे एक सातवीतील मुलगा होता. चुणचुणीत, थोडा तोतरा. मोठी मुले रात्री त्याला झोपू देत नसत. एके संध्याकाळी रोझरीनंतर तो आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. काय झाले ते आम्हाला ठाऊक होते, आणि आम्हाला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होते. आम्ही त्याला आत घेतले नाही. “आपलं आपण निभवायला शिकलं पाहिजे, बाळ,” एवढे बोलून आम्ही दार लोटले. मुलगा कणखर होईल, असा आमचा हेतू होता. अगदी प्रांजळ हेतू होता. नाताळच्या सुटीत तो घरी गेला, तो परत आलाच नाही. त्याला मारणारे हात आमचे नव्हते. ग्राफने आपल्या सहकाऱ्याला दिलेले स्पष्टीकरण वाचताना आम्हाला आमचाच आवाज ऐकू आला आणि पुस्तक काही दिवस मिटून ठेवावे लागले.

अशा प्रसंगी पुढचा प्रश्न उरतो : आता काय? या प्रश्नाचे उत्तर मालिकेच्या दुसऱ्या भागात आहे आणि म्हणूनच पहिला भाग एकटा वाचून मत बनवू नये, असे आम्हाला वाटते. ग्रहाच्या विनाशातून वाचलेला राणीचा एक कोश एंडरला सापडतो. तो त्या मृत वंशाची कहाणी त्यांच्या बाजूने लिहितो, आणि पुढे मृतांविषयी सत्य बोलणारा म्हणून जगभर फिरतो. मेलेल्याची स्तुती नाही, निंदा नाही. तो जसा होता तसा, त्याच्या जखमांसह, लोकांपुढे उभा करायचा, हे त्याचे काम. तीन हजार वर्षांनंतर (अंतराळप्रवासाच्या वेगामुळे त्याचे स्वतःचे वय मात्र फारसे वाढलेले नाही) तो लुसितानिया नावाच्या ग्रहावर येतो. ही वसाहत पोर्तुगीज बोलणाऱ्या कॅथॉलिकांची आहे. कार्ड स्वतः मॉर्मन पंथाचे. तरुणपणी ब्राझीलमध्ये मिशनरी म्हणून राहिल्यामुळे ही भाषा आणि हे लोक त्यांच्या परिचयाचे. तेथील बिशपांचे नाव पेरेग्रिनो, एका कुटुंबाचे आडनाव रिबेरा. वसई-उत्तनच्या वाचकाला ही नावे आपल्या चर्चच्या जुन्या बाप्तिस्मा नोंदवहीतून उचलल्यासारखी वाटतील. बिशप महाशय आरंभी या परक्या माणसाला सैतानाचा दूत ठरवतात. काही वाचकांना हे ख्रिस्तसभेचे व्यंगचित्र वाटले. आम्हाला तसे वाटले नाही. आपल्या कळपाची काळजी वाहणारा, ताठर, पण सत्य दिसल्यावर वाकणारा हा मेंढपाळ आम्ही प्रत्यक्षात पाहिलेला आहे.

त्या ग्रहावर ‘पिगी’ म्हणून ओळखले जाणारे वनवासी जीव आपल्या आवडत्या माणसांना भयंकर रीतीने मारतात. हा क्रूरपणा म्हणावा, तर त्यांच्या दृष्टीने तो सर्वोच्च सन्मान असतो. पुन्हा तोच पेच : हेतू शुद्ध, कृत्य भीषण. फरक एवढाच की, या वेळी एंडर मारत नाही. तो बसून विचारतो, ऐकतो आणि दोन्ही बाजूंना सत्य सांगतो. पहिल्या भागात त्याच्यापासून सत्य लपवले गेले, म्हणून संहार झाला. दुसऱ्या भागात सत्य बोलले गेल्यामुळे संहार टळण्याची वाट दिसते. आपल्या पापनिवेदनाच्या संस्काराशी याचे नाते वाचकांच्या ध्यानात आले असेल. एक उणीव मात्र आहे. एंडर इतरांची कहाणी उघडी करतो, प्रायश्चित्त करतो, पण क्षमा करू शकणाऱ्यापुढे गुडघे टेकत नाही. त्याचे ओझे त्याने एकट्यानेच वाहायचे ठरवले आहे. यातील अभिमान केसेल यांनी ओळखला होता. त्यावरचा उपाय मात्र त्यांच्या विषयाबाहेरचा होता. पहिल्या भागात एक लहानसा तपशील आहे. एंडरचा बाप मूळचा पोलिश कॅथॉलिक, नऊ भावंडांतील एक. कायद्याच्या धाकाने त्याने धर्म झाकून ठेवला असला, तरी तिन्ही मुलांना संतांची नावे दिली आणि घरी आणताच गुपचूप स्वतःच्या हाताने बाप्तिस्मा दिला. मालिकेतील कोट्यवधी मैलांच्या प्रवासात हे पाणी लेखक विसरून गेला की काय, असे आम्हाला वाटत राहिले.

गुणांचाही उल्लेख केला पाहिजे. कार्ड यांची भाषा साधी, घाईची, अलंकारांना फाटा देणारी आहे. युद्धशाळेतील वजनरहित खोलीतल्या लढाया डोळ्यांपुढे उभ्या राहतात. पीटर व व्हॅलेंटाइन या भावंडांनी टोपणनावांनी लेख लिहून जगाचे राजकारण फिरवल्याचे उपकथानक आम्हाला न पटणारे आणि लांबलेले वाटले. तिसऱ्या भागापासून चर्चा वाढते आणि कथा मंदावते. पहिले दोन भाग वाचावेत, पुढचे सवडीवर सोडावेत.

आता त्या मायलेकांचे प्रश्न. तरुण मित्रा, शेवटच्या युद्धात तो मुलगा फसवला गेला, म्हणून त्या पापाचा धनी तो नाही. स्टिल्सन पडल्यानंतरच्या लाथांना मात्र आपण टाळ्या वाजवू नयेत. तू वाजवल्या असशील, आम्हीही पहिल्या वाचनात वाजवल्या होत्या. त्या टाळ्यांची लाज वाटणे हाच या पुस्तकाच्या वाचनाचा लाभ आहे.

आणि माउली, तुमच्या मुलाला हे पुस्तक जरूर वाचू द्या. पण तुम्ही केलेत तसेच, आधी स्वतः वाचून. कारण ते मुलांपेक्षा मोठ्यांसाठीच अधिक लिहिलेले आहे. दहावी-बारावीच्या वर्षी पहाटे एका क्लासला आणि रात्री दुसऱ्या क्लासला पोराला धाडताना, तो थकला आहे हे दिसत असूनही “त्याच्याच भल्यासाठी” म्हणून आपण नजर वळवतो. तेव्हा ग्राफची खुर्ची फार दूर नसते. मुलाला काय सोसावे लागते हे आपल्याला ठाऊक असेल, तर ते ठाऊक असणे हीच आपली जबाबदारी होऊन बसते.

बोर्डिंगमधील त्या मुलाचे मूळ गाव आम्ही जुन्या नोंदवहीतून शोधून काढले आहे. तो आता पन्नाशीकडे झुकलेला संसारी गृहस्थ असेल. पत्र दोनदा लिहायला घेतले आणि दोनदा बाजूला ठेवले. हा अंक वाचकांच्या हाती पडेपर्यंत ते टपालात पडलेले असावे, एवढी प्रार्थना वाचकांनी आमच्यासाठी करावी.